प्राचीन नगरांतील ‘समाज’ आणि त्यास लोटणारे परस्थ लोक

अशोकाच्या पहिल्या गिरिलेखांत समाज करूं नये अशा आशयाचें एक वाक्य आहे. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां एका चुणचुणीत विद्यार्थ्यानें त्याचा अर्थ, लोकांनीं जमून न राहतां एकएकट्यानें रहावें, असा केला होता. आणि राजाला अशी बुद्धि कां झाली असावी याचीं कारणेंही शोधून ठेविलीं होतीं. त्यास हंसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. समाज म्हणजे मेळावा, एवढें सांगून आम्हींही त्या दिवशीं वेळ मारून नेली होती. मेळावा खरा, पण कशाचा, कोठें, आणि राजानें तो बंद करावा असें त्यांत काय होतें?

समाज या शब्दाचा जुना अर्थ या त्रैमासिकाच्या वाचकांस अपरिचित आहे असें नव्हे. परंतु समाज म्हणजे नगरानें आपल्याच करमणुकीसाठीं मांडलेला खेळ, अशी एक समजूत रूढ झालेली दिसते. आमच्या मतें समाजाचा जीव त्यास बाहेरगांवाहून येणाऱ्या लोकांत होता. परस्थ काढून टाकले तर समाज उरत नाहीं, आणि अशोकाचें वाक्यही उलगडत नाहीं. हेंच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शब्दाविषयीं दोन शब्द. सम् उपसर्ग लागून अज् धातूपासून हें रूप होतें. अज् म्हणजे हांकणें, चालविणें. अमरसिंहानें पशूंच्या जमावास समज व इतरांच्या जमावास समाज असा भेद सांगितला आहे, आणि पाणिनीनेंही पशूंपुरतें रूप निराळें ठेविलें आहे. हांकून आणलेला तो समज आणि आपल्या पायांनीं आलेला तो समाज, असें आम्ही वर्गांत विनोदानें म्हणत असूं. व्याकरणाचा त्यास आधार नाहीं. साहित्यशास्त्रांत नाटकाच्या प्रेक्षकास सामाजिक म्हणतात, तेथें जुना अर्थ शाबूत राहिला आहे. आजच्या मराठींत सामाजिक म्हटलें कीं सुधारणा, कार्य, बहिष्कार असले गंभीर शब्द मागोमाग येतात; एके काळीं त्या शब्दाबरोबर मंच, ढोल आणि मल्ल येत असत.

मंच हा शब्द वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. जेथें समाजाचें वर्णन आहे तेथें बहुधा मंच आहेतच. डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनीं समाजाचे दोन प्रकार दाखविले: एकांत मांसाशनाची रेलचेल, दुसऱ्यांत रंगभूमीवरील प्रयोग. एफ्. डब्ल्यू. थॉमस यांनीं भोंवतीं मंच बांधलेल्या रंगांत चालणाऱ्या चढाओढी असा अर्थ करून ग्रीकांच्या क्रीडामहोत्सवांकडे बोट दाखविलें. आम्हांस ही तुलना उपयोगी वाटते, पण ती ताणूं नये. आपल्या समाजांत कुस्ती, धनुर्विद्या आणि झुंजी यांच्या शेजारीं नाच, गाणें व आख्यानेंही चालत. प्रेक्षक सकाळीं एक पाही, दुपारीं दुसरें पाही.

अशा समाजाचें जुन्यांतलें जुनें ठळक चित्र राजगृह नगराचें आहे. तेथील समाजास पाली ग्रंथांत गिरग्गसमज्ज असें नांव आहे. गिरग्ग म्हणजे गिर्यग्र. हें नगर पांच डोंगरांच्या कोंदणांत वसलेलें होतें. अट्ठकथाकार सांगतो कीं, सातव्या दिवशीं समाज होणार अशी दवंडी नगरांत पिटली जाई, आणि मग नगराबाहेर सपाट जागीं, डोंगराच्या सावलींत, मोठा जनसमुदाय जमे. पाहणाऱ्यांसाठीं मंचांवर मंच बांधीत. अट्ठकथा बुद्धानंतर कित्येक शतकांची आहे हें खरें. पण विनयपिटकांतील चुल्लवग्गांत याच समाजाचे दोन उल्लेख आहेत आणि ते तिच्याहून पुष्कळ जुने. एकांत कांहीं भिक्षु समाज पाहण्यास गेले, लोकांनीं नांवें ठेविलीं, आणि बुद्धानें नृत्य, गीत, वाद्य पाहण्या-ऐकण्यास जाण्याची मनाई केली, असें आहे. दुसरा उल्लेख आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. महामात्रांना बसण्यासाठीं लोक गाद्या करून देत. समाज संपला कीं वरच्या खोळी काढून नेत आणि आंतला भराव तेथेंच टाकून देत. मागाहून भिक्षूंनीं पाहिलें तों समाजस्थानीं लोंकर, चिंध्या, साली, गवत, पानें यांचा खच पडलेला. त्यावरून भिक्षूंनीं कोणत्या भरावाच्या गाद्या वापराव्या याचा नियम झाला. धर्मशासनाच्या ग्रंथांत उत्सवाच्या दुसऱ्या दिवशींचा केर असा जपला गेला आहे! मानकऱ्यांना मऊ आसन आणि इतरांना लांकडी मंच, हा भेदही त्यावरून कळतो.

या समाजाचे बाहेरून आलेले दोन प्रेक्षक इतिहासास नांवानिशीं ठाऊक आहेत. उपतिष्य आणि कोलित हे राजगृहाजवळच्या दोन खेड्यांतील सधन ब्राह्मणकुमार. पुढें तेच शारिपुत्र आणि मौद्गल्यायन या नांवांनीं बुद्धाचे अग्रशिष्य झाले. कथा अशी कीं, हे दोघे मित्र दरवर्षीं परिवारासह समाजास येत, त्यांच्यासाठीं एकत्र मंच राखलेला असे, हंसण्याच्या जागीं ते हंसत, आणि देणगी देण्याच्या जागीं देणगी देत. एके वर्षीं मात्र दोघांचेंही मन लागेना. शंभर वर्षांच्या आंत यांतला एकही माणूस उरणार नाहीं असा विचार दोघांच्या मनांत एकाच वेळीं आला, आणि ते गुरूच्या शोधास निघाले. कथेचा धार्मिक भाग बाजूस ठेविला तरी परगांवच्या प्रेक्षकानें दरसाल यावें, त्याची जागा राखलेली असावी व त्याच्या हातून खेळियांस पैसा सुटावा, हा व्यवहार सांगणाऱ्यास अगदीं नेहमींचा वाटत होता, हें उघड आहे.

महाभारतांत हेंच चित्र अधिक भरगच्च आहे. द्रौपदीस्वयंवर ही विवाहकथा म्हणून आपण वाचतों. परंतु आदिपर्वांत त्या जागेला समाजवाट असेंच म्हटलें आहे, आणि मुख्य पण धनुर्विद्येचा आहे. पांडव पांचालनगरास जात असतां वाटेंत त्यांस ब्राह्मणांचा एक तांडा भेटतो. हे ब्राह्मण कांहीं वधू मिळविण्यास निघालेले नाहींत. देशोदेशींचे राजे येतील, गाई, द्रव्य, अन्न वांटतील. नट, वैतालिक, नर्तक, सूत, मागध आणि बलवान् नियोधक, म्हणजे मल्ल, नाना देशांहून येतील. आपण सगळें पाहूं, मिळेल तें घेऊं आणि परत फिरूं, तुम्हीही चला, असा त्यांचा सरळ बेत आहे. कोणत्याही मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्रीं आगगाडीच्या तिसऱ्या वर्गांत ऐकूं येत असे तसलेंच हें बोलणें. नगरांत पोंचल्यावर पांडव उतरले कोठें? कुंभाराच्या घरीं. ते वेष पालटून होते हें खरें. तरी नगर पाहुण्यांनीं भरलें असतां सामान्य वाटसरूस कारागिराच्या शाळेंत बिऱ्हाड मिळे, ही गोष्ट कवीला समजावून सांगावी लागलेली नाहीं. समाजवाट नगराच्या ईशान्येस सपाट भूमीवर, खंदक व कोट यांनीं वेढलेला, दारें-तोरणें असलेला. राजे उंच प्रासादांत, पौर व जानपद मंचांवर. पांडव ब्राह्मणांच्या घोळक्यांत बसले. द्रौपदी रंगांत आली ती सोळाव्या दिवशीं. तोंपर्यंत पंधरा दिवस समाज चाललाच होता, आणि एवढ्या लोकांनीं कोठेंतरी जेवलें-निजलें पाहिजे.

हस्तिनापुरांत कुरुकुमारांच्या शस्त्रविद्येचें प्रदर्शन झालें तेव्हां द्रोणानें झाडझाडोरा नसलेली सपाट भूमि मापून घेतली, राजा व स्त्रिया यांच्यासाठीं शिल्पकारांनीं प्रेक्षागार उभारलें. पण जानपद लोकांनीं आपले उंच मंच आपणच बांधवून घेतले, असें तेथें स्पष्ट आहे. खेड्यांतील लोक राजवाड्याच्या कृपेनें कोपऱ्यांत उभे राहिले नाहींत. खर्च करून बसले. विराटपर्वांत मत्स्यनगरींत चौथ्या महिन्यांत ब्रह्मोत्सव होतो, त्यास दिशादिशांहून हजारोंनीं मल्ल येतात. त्यांतल्या जीमूताची व बल्लव झालेल्या भीमाची कुस्ती सर्वांस माहीतच आहे.

मथुरेच्या रंगाकडे येऊं. हरिवंश आणि भागवत हे कंसाच्या काळाचे साक्षी नव्हत, हें सांगावयास नकोच. परंतु अशा दिवशीं नगर कसें दिसतें याची ग्रंथकारांच्या डोळ्यांपुढची कल्पना त्यांत उतरली आहे, आणि आम्हांस तेवढीच हवी आहे. हरिवंशाच्या प्रचलित पाठांत श्रेणींचे व गणांचे मंच निरनिराळे आहेत, आणि प्रत्येक श्रेणीच्या पताकेवर तिच्या धंद्याचीं साधनें लावलेलीं आहेत. भागवतांत कंसानें व्रजास धाडलेलें बोलावणें मोठें मार्मिक आहे: धनुर्याग पहावयास या आणि यदुपुरीची शोभाही पहा. खेळ आणि नगरदर्शन यांची जोडी आजच्या प्रवासी-मंडळांनींच लाविली असें कोणी समजूं नये. नंदादि गोप गाडे जुंपून, उपायनें घेऊन येतात. नगरांत शिरत नाहींत, बाहेरच्या उपवनांत तळ देतात. रामकृष्ण संध्याकाळीं गांव पाहण्यास निघतात, तेव्हां त्यांस भेटतात कोण? धोबी, विणकर, सुदामा माळी, उटणें नेणारी कुब्जा. भक्तिभाव क्षणभर दूर ठेवून वाचलें तर परगांवच्या तरुणाला खेळाच्या आदल्या दिवशीं पेठेंत लागणाऱ्या वस्तूंचीच ही यादी आहे. दुसऱ्या दिवशीं गोप आपलीं उपायनें देऊन एका मंचावर बसतात.

आतां कवींना सोडून ज्यास एका पणाचाही हिशेब चुकवितां येत नाहीं अशा ग्रंथकाराकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्री पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आर. शामशास्त्री यांच्या हातीं इ. स. १९०५ त लागली व १९०९ त ग्रंथ छापला गेला. तत्पूर्वीं समाजाची आर्थिक बाजू जाणण्यास आपल्यापाशीं जवळजवळ कांहींच साधन नव्हतें. एका पोथीनें केवढा फरक पडतो! ग्रंथाच्या काळाच्या वादांत आम्ही शिरत नाहीं. सुराध्यक्षाच्या प्रकरणांत उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळीं चार दिवस मद्य करण्याची मोकळीक द्यावी, आणि परवानगी न घेणाऱ्यांकडून उत्सव संपेपर्यंत दररोज दंड घ्यावा, असें आहे. एरवीं मद्यावर सरकारची केवढी घट्ट मूठ आहे हें त्याच प्रकरणांत पाहिलें म्हणजे या चार दिवसांचें महत्त्व कळतें. ही सैल दोरी औदार्याची नव्हे. गर्दीला सरकारी गुत्ते पुरत नसले पाहिजेत. परदेशांतून आलेल्या खेळियांनीं प्रत्येक खेळास पांच पण प्रेक्षावेतन भरावें, असा दुसरा नियम आहे. गांवच्या खेळाची वर्गणी जो देत नाहीं त्यानें व त्याच्या माणसांनीं खेळ पाहूं नये, आणि लपून पाहिल्यास किंवा ऐकल्यास दुप्पट वर्गणी भरावी, असा तिसरा. कुंपणाच्या फटीला डोळा लावणारा फुकट्या प्रेक्षक कौटिल्याच्याही परिचयाचा होता तर!

या सर्वांहून बोलकें स्थळ कोशसंग्रहाच्या प्रकरणांत आहे. तिजोरी रिकामी पडली तर रातोरात एखादें दैवत किंवा सिद्धस्थान प्रगट करवून तेथें भरणाऱ्या यात्रा व समाज यांवर पैसा मिळवावा, असा तेथें सल्ला दिला आहे. तो नीतीला धरून आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु स्थानिक लोकांचाच पैसा एका खिशांतून दुसऱ्यांत जावयाचा असता तर एवढी यातायात कशाला? मिळकत बाहेरून येणाऱ्यांची होती. हाच कौटिल्य राजाला असेंही बजावतो कीं, यात्रा, समाज, उत्सव यांस जाणें तर दशवर्गिकांचा पहारा असेल तेथेंच जावें. गर्दींत ओळखीचा कोण आणि मारेकरी कोण हें समजत नाहीं. नव्यानें जिंकलेल्या देशांत मात्र तेथील दैवतें, समाज, उत्सव यांविषयीं आदर दाखवावा असें तो सांगतो. उत्पन्न, भय आणि लोकांचें मन, हे तीनही समाजाचे धागे या एका माणसानें हातीं धरलेले आहेत.

ही पार्श्वभूमि ध्यानांत घेऊन अशोकाचा लेख पुन्हां वाचावा. आरंभीं, येथें कोणताही जीव मारून होम करूं नये. मग, समाज करूं नये, कारण राजाला समाजांत पुष्कळ दोष दिसतात. लगेच, कांहीं समाज मात्र राजाच्या मतें चांगले आहेत. शेवटीं राजाच्या मुदपाकखान्याचा हिशेब: पूर्वीं दररोज लक्षावधि जीव कालवणासाठीं मारले जात, आतां दोन मोर व एक हरिण, तेंही हरिण नित्य नव्हे, आणि पुढें हे तीन जीवही मारले जाणार नाहींत. पहिलें वाक्य वधाचें, शेवटचें वधाचें. मधल्या समाजाचा दोष वधाखेरीज दुसरा असेल असें मानणें आम्हांस प्रकरणाला सोडून वाटतें. नाचगाण्यानें नीति बिघडते म्हणून बंदी, हा कांहींचा तर्क या कारणास्तव आम्हांस पटत नाहीं. एक तर समाजांत प्राण्यांच्या झुंजी होत. ब्रह्मजालसुत्तांत श्रमणानें जें पाहूं नये त्याची यादी आहे, तींत हत्ती, घोडे, रेडे, बैल, बोकड, मेंढे, कोंबडे व लावे यांच्या झुंजी येऊन मग काठ्या, मुष्टियुद्ध आणि कुस्ती येतात. दुसरें, भांडारकरांनीं दाखविल्याप्रमाणें समाजांत मांस वाढीत. येथें आम्हांस एवढीच पुस्ती जोडावयाची आहे कीं, हें मांस इतकें लागे तें परस्थांमुळें. पंधरा-पंधरा दिवस राहणाऱ्या, तळ देऊन पडलेल्या लोकांना नगर खाऊं घालीत होतें. राजाच्या एका मुदपाकखान्याचा आंकडा जेथें लक्षांचा, तेथें समाजाच्या चुलींचा किती असेल याची कल्पना करावी.

अशोकास गर्दीचें किंवा प्रेक्षणाचें वावडें नव्हतें, हें त्याच्याच चौथ्या लेखावरून सिद्ध होतें. विमानें, हत्ती, अग्निराशि व दुसरीं दिव्य रूपें आपण लोकांस दाखविलीं, असें तो तेथें अभिमानानें सांगतो. चांगला समाज तो हा. आठव्या लेखांत मृगयेच्या विहारयात्रांच्या जागीं धर्मयात्रा आल्याचें आहे. याच आठव्या लेखाचा तुकडा आपल्या सोपाऱ्यास पं. भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ त सांपडला. पहिल्या लेखाचा तेथील शिलाखंड हातीं आलेला नाहीं. पण ज्या अर्थीं आठवा व (१९५६ त मिळालेला) नववा आहे, त्या अर्थीं कोंकणच्या बंदरावर उतरणाऱ्या व्यापाऱ्यांनींही समाजाविषयींची ही आज्ञा खडकावर वाचली असली पाहिजे.

आज्ञेचें पुढें काय झालें? कलिंगांत धवली येथें हा पहिला लेख कोरलेला आहे. तेथून सुमारें सहा मैलांवर उदयगिरीच्या हाथीगुंफेंत खारवेलाचा लेख आहे, आणि त्यांत राजा सांगतो कीं, राज्याच्या तिसऱ्या वर्षीं आपण नृत्य, गीत, वाद्य यांनीं आणि उत्सव व समाज करवून कलिंगनगरीला रमविलें. एका डोंगरावर बंदी, समोरच्या डोंगरावर बढाई. मध्यें अवघीं दोन-अडीच शतकें. आमच्या नाशिकच्या तिसऱ्या लेण्यांत पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षींचा गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यांत तिनें आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र शातकर्णीचे, जे गुण मोजले आहेत त्यांत शकांच्या उच्छेदाबरोबर उत्सव व समाज करविणारा हाही एक गुण आहे. मातेनें पुत्राच्या कीर्तिलेखांत हें घालावें, आणि तेंही बौद्ध भिक्षूंस दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर! बंदी मोडली असें म्हणण्यापेक्षां नगरांस ती परवडली नाहीं, असें म्हणणें आम्हांस अधिक बरोबर वाटतें.

पुढील काळाचा विस्तार येथें करीत नाहीं. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत मल्लविनोद व वाह्यालीविनोद आहेत. पण तेथें दृष्टि राजाच्या आसनावरून आहे, पेठेंतून नाहीं. विजयनगरची महानवमी मात्र परदेशी पाहुण्यानेंच पाहिलेली. दोमिंगो पाइश या पोर्तुगीजानें तेथील मल्लांचे दांत पडतात, डोळे फुटतात, आणि जोडी सारखी लावण्यास व मान ठरविण्यास त्यांचे पंच असतात, हें सर्व टिपून ठेविलें. त्याचें हस्तलिखित पॅरिसच्या ग्रंथालयांत पडून होतें. तें दाविद लोपिश यांनीं १८९७ त छापलें व सीवेल यांनीं १९०० त इंग्रजींत आणलें. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९०२ च्या विलायतयात्रेंत रोम येथील रंगमंडल पाहून खासबाग मैदानाची कल्पना केली व १९१२ त तें खुलें झालें. मध्यें हौदा आणि चहूंकडून चढती बैठक. कोठेंही बसलें तरी कुस्ती दिसते. मंचांवर मंच बांधण्याची गरजच त्यांत उरली नाहीं.

संग्राहकांस एक विनंती करून थांबतों. राजगृहाच्या समाजाचा केर भिक्षूंनीं पाहिला म्हणून आपणांस कळला. आपल्याकडील जत्रांच्या कुस्त्यांच्या हगाम्यांचीं हस्तपत्रकें दुसऱ्या दिवशीं भज्यांच्या पुड्यांस जातात, आणि देवस्थानांच्या किर्दींतील मल्लांच्या इनामाच्या, फेट्यांच्या, परगांवच्या वस्तादांस दिलेल्या शिध्याच्या नोंदी कोणी उतरून घेत नाहीं, कारण त्यांत राजकारण नसतें. ज्यांच्या दफ्तरांत अशा नोंदी किंवा पत्रकें असतील त्यांनीं, निदान मल्लाचें नांव, त्याचा गांव, रक्कम व तिथि एवढ्यांची तरी नक्कल करून मंडळाकडे पाठवावी. गांवाचें नांव गाळूं नये. मल्ल आणि प्रेक्षक किती लांबून येत होते हें त्यावरूनच काढावयाचें आहे.